मरुभूमीतील जीवदया : उंदीर, धान्याची कोठी आणि आपले पूर्वज

आपल्या ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त प्रसिद्ध होणाऱ्या या स्मरणिकेत संस्थेची वाटचाल, दानशूर कुटुंबांची नामावली आणि साधुसाध्वींच्या चातुर्मासांच्या नोंदी यांना मानाचे स्थान मिळेल, आणि ते योग्यच आहे. प्रस्तुत लेखाचा विषय मात्र लहान आहे. इतका लहान, की तो स्मरणिकेसाठी निवडावा काय, असा प्रश्न काही समाजबांधवांना पडेल. विषय आहे उंदरांचा.

परंतु किंचित विचार केला तर या विषयाची थोरवी ध्यानात येते. धर्मशाळा, भोजनशाळा, ग्रंथालय आणि धान्यकोठार चालविणाऱ्या प्रत्येक संस्थेपुढे हा प्रश्न वर्षानुवर्षे उभा असतो. पंचेंद्रिय जीवाचा घात करावयाचा नाही, असे आपण मानतो. आणि त्याच वेळी स्वच्छतेच्या वार्षिक करारावर सह्याही करतो. त्या करारात ‘उंदीर नियंत्रण’ असे दोन सौम्य शब्द असतात. त्या शब्दांच्या आड बहुधा विष असते किंवा चिकट फळी असते. व्याख्यानात जीवदया आणि कोठारात विष, ही विसंगती मनाला टोचावी अशी आहे.

आपल्या गावातील बहुसंख्य जैन कुटुंबांचे मूळ मारवाडात आहे. पाली, जोधपूर, नागौर, बिकानेर या मुलखांतून आपले पूर्वज दक्षिणेत आले. ज्या वाळवंटात धान्याचा कण न् कण मोलाचा होता आणि जिथे उंदरांची संख्या थोडी नव्हती, तिथे शेकडो वर्षे राहून त्यांनी हा प्रश्न कसा हाताळला, याचा मागोवा घेतल्यास आजच्या आपल्या अडचणीवरही प्रकाश पडेल, अशी माझी धारणा आहे.

वाळवंट आणि तेथील मूषककुल

अरवली पर्वताच्या पश्चिमेस पसरलेले थरचे वाळवंट निर्जीव आहे, असा दूरवर राहणाऱ्यांचा समज असतो. वस्तुतः जगातील वाळवंटांमध्ये थर हे दाट लोकवस्तीचे वाळवंट आहे आणि तेथील प्राणिसृष्टीही विपुल आहे. जैसलमेरकडे वर्षाकाठी पाऊस दोनशे मिलिमीटरपेक्षाही कमी पडतो. जोधपूरकडे तो त्याच्या जवळजवळ दुप्पट असतो. एवढ्यावर बाजरी, मूग, मठ, ग्वार आणि तीळ पिकतात. याच धान्यावर माणूस जगतो आणि उंदीरही जगतो.

येथील मूषककुलात दोन मोठे गट आहेत, आणि त्यांतील भेद समजून घेणे अगत्याचे आहे. पहिला गट रानातला. वाळूत बिळांची जाळी करून वसाहतीने राहणारा वाळवंटी उंदीर दिवसाढवळ्या हिंडतो. त्याचा भाऊबंद असलेला जर्बिल मात्र रात्री बाहेर पडतो. भर उन्हाळ्यात जमिनीवर पाय ठेववत नाही, तेव्हा बिळाच्या आत हवा थंड आणि दमट असते. हे प्राणी पाण्यावाचून दीर्घकाळ राहू शकतात. लागणारा ओलावा ते बी, गवत, मुळे आणि कीटक यांतून मिळवितात. कोल्हा, रानमांजर, घुबड, गरुड आणि सर्प या सर्वांचे जीवन त्यांच्यावर अवलंबून असते.

दुसरा गट घरातला. काळा उंदीर आणि लहान चिमुकला घरउंदीर हे माणसाच्या सोबतीनेच जगभर पसरले. त्यांना वाळू नको, छप्पर हवे. रानातले बी नको, कोठीतली बाजरी हवी. घराभोवती धान्य सांडले, खळे उघडे राहिले किंवा शेतात दुष्काळ पडला, की रानातले उंदीरही वस्तीच्या कडेला येतात. जाता जाता हेही सांगावयास हवे की, ज्या चिचुंद्रीला आपण उंदीर समजून झोडपतो, ती उंदरांच्या कुळातली नाहीच. ती प्रामुख्याने किडेमकोडे खाते.

म्हणजे मारवाडातील गृहस्थापुढे प्रश्न होता तो असा : रानातल्या उंदराने रानात राहावे, घरातल्याला घरात थारा मिळू नये, आणि हे सर्व हिंसा न करता व्हावे.

कोठी : मातीची, पण विचारपूर्वक घडविलेली

या प्रश्नाचे पहिले उत्तर गृहिणींनी दिले. मारवाडातील खेड्यांत धान्य साठविण्यासाठी मातीच्या कोठ्या असत. चिकणमाती, शेण आणि भुसा यांचे मिश्रण थरावर थर देऊन वाळवीत आणि त्यातून माणसाच्या उंचीपर्यंतची कोठी उभी करीत. ती जमिनीवर टेकलेली नसे; पायांवर किंवा विटांवर उचललेली असे. वरचे तोंड धान्य भरल्यावर मातीने लिंपून टाकीत. धान्य काढण्यासाठी तळाशी हाताच्या पंजाएवढे छिद्र असे आणि ते घट्ट बोळ्याने बंद करीत. त्यामुळे रोजचे धान्य घेताना संपूर्ण कोठी उघडावी लागत नसे.

कोठीचे हे उचललेले पाय फार महत्त्वाचे. खाली मोकळी जागा असल्याने झाडता येते, आणि झाडता आले की उंदराची लेंडी, कुरतडल्याची खूण, नवे बीळ तत्काळ नजरेस पडते. दिवाळीपूर्वी घर सारवताना कोठ्याही पुन्हा लिंपल्या जात. भेगा बुजत, कोपरे गोल होत. बाजरी आणि कडधान्य यांत चाळलेली राख मिसळण्याची आणि कडुनिंबाचा पाला घालण्याची रीत होती. ती मुख्यतः किडीसाठी. दूध, तूप, भाकरी हे छताला टांगलेल्या छींक्यात, म्हणजे आपल्या शिंक्यात, असे. पावसाचे पाणी साठविणाऱ्या जमिनीखालील टांक्याला झाकण असे, कारण टांक्यात उंदीर पडून मेला तर पाणीही नासते आणि जीवही जातो.

दक्षिणेत आल्यावर आपल्या लोकांनी येथील कणगी, पेव आणि वाड्यांच्या भिंतींतील बळद स्वीकारले. साधने बदलली, परंतु धान्य आधी सुरक्षित करावयाचे आणि मग निश्चिंत व्हावयाचे, ही दृष्टी तीच राहिली.

सूक्ष्म जीवांसाठी केलेले नियम

दुसरे उत्तर आपल्या आचारात आहे, आणि ते अधिक मनोरंजक आहे. रात्रीभोजनाचा त्याग, उष्टे न ठेवणे, ताट धुऊन ते पाणी पिणे, पाणी गाळून वापरणे, चूल पेटविण्यापूर्वी पूंजणीने हलके झाडून घेणे, धान्य दळण्यापूर्वी निवडणे, हे नियम उंदरांसाठी झालेले नाहीत. ते डोळ्यांना न दिसणाऱ्या किंवा जेमतेम दिसणाऱ्या जीवांच्या रक्षणासाठी आहेत. उष्ट्या अन्नात थोड्याच वेळात संमूर्च्छिम जीव उपजतात, या श्रद्धेने ताट लगेच स्वच्छ केले जाते.

पण परिणाम पाहा. घरउंदीर मुख्यतः रात्री अन्नाच्या शोधात निघतो. ज्या घरात सूर्यास्तापूर्वी स्वयंपाकघर आवरले जाते, ताटात शीत उरत नाही, मोरीवर खरकटे पडत नाही आणि चुलीपाशी पीठ सांडलेले नसते, त्या घरात रात्री उंदराने कशासाठी यावे? एकेंद्रिय आणि द्वींद्रिय जीवांसाठी केलेल्या यतनेने पंचेंद्रिय जीवाशी होणारा संघर्षही टळला. नियम करणाऱ्यांना सूक्ष्मजीवशास्त्राचे आजचे ज्ञान नव्हते, असा युक्तिवाद कोणी करील. परंतु नियम पाळणाऱ्या घराला त्याचे फळ मिळत होते, हे नाकारता येणार नाही.

येथे एक भेद स्पष्ट केला पाहिजे. बिकानेरजवळच्या देशनोक येथील करणीमातेच्या मंदिरात हजारो उंदरांना ‘काबा’ म्हणून पूज्य मानले जाते आणि त्यांना प्रसाद दिला जातो. मारवाडच्याच भूमीतील ती एक स्वतंत्र श्रद्धा आहे आणि आदरास पात्र आहे. जैन गृहस्थाची वाट मात्र निराळी. त्याने उंदराला पूजिले नाही आणि पोसलेही नाही. उंदराच्या जगण्यात ढवळाढवळ न करता स्वतःच्या घराची शिस्त राखणे एवढेच त्याने केले.

शास्त्राने आखलेली मर्यादा

तिसरे उत्तर शास्त्राचे. श्रावकाच्या पहिल्या अणुव्रतात संकल्पपूर्वक केलेल्या त्रसहिंसेचा त्याग आहे. संसार करताना आरंभी, उद्योगी आणि विरोधी हिंसा काही अंशी घडतेच, हे शास्त्रकारांनी ओळखले होते; पण बुद्धिपुरस्सर, ठरवून केलेला घात श्रावकाला निषिद्ध आहे.

याच व्रताचे पाच अतिचार श्वेतांबर आणि दिगंबर या दोन्ही परंपरांना मान्य आहेत. बंध म्हणजे जीवाला कोंडणे वा बांधणे. वध म्हणजे मारहाण. छविच्छेद म्हणजे अवयव वा कातडी छेदणे. अतिभारारोपण म्हणजे झेपणार नाही इतके ओझे लादणे. अन्नपाननिरोध म्हणजे अन्नपाणी तोडणे. हे अतिचार प्रामुख्याने पाळीव जनावरे आणि आश्रित यांना उद्देशून समजावले जातात. परंतु त्यांच्या कसोटीवर आज बाजारात मिळणारी चिकट फळी घासून पाहावी. तिच्यावर अडकलेला उंदीर तासन् तास, कधी दिवसभर, जिवंत राहतो. सुटण्याच्या धडपडीत त्याची कातडी सोलली जाते, आणि शेवटी तो भुकेने, तहानेने किंवा गुदमरून मरतो. बंध, छविच्छेद आणि अन्नपाननिरोध हे तिन्ही एका पुठ्ठ्यावर एकत्र येतात. पिंजरा लावून तो दोन दिवस न पाहणाऱ्यालाही यांतील दोन अतिचार लागतातच.

उपासकदशांग सूत्रात आनंद श्रावकाच्या व्रतग्रहणाच्या प्रसंगी पंधरा कर्मादाने सांगितली आहेत. श्रावकाने टाळावयाच्या या व्यवसायांत विषवाणिज्य, म्हणजे विषाचा व्यापार, आहे. आणि असतीपोषण आहे, ज्यात हिंस्र प्राणी पोसण्याचाही समावेश टीकाकारांनी केला आहे. म्हणून जुन्या वळणाच्या घरात उंदीर मारावेत या हेतूने मांजर पाळणेही उचित मानत नसत. रस्त्यावरून आलेल्या मांजराला हाकलावयाचे नाही, पण आपल्या हातची हिंसा त्याच्या दाताने करवून घ्यावयाची नाही, असा तो सूक्ष्म विवेक होता.

जैसलमेरच्या ग्रंथभांडाराची साक्ष

ही व्यवस्था प्रत्यक्षात कितपत टिकाऊ होती? याचे सर्वांत प्रभावी उत्तर जैसलमेरच्या किल्ल्यात आहे. तेथील जैन मंदिरांच्या परिसरात खरतरगच्छाचे आचार्य जिनभद्रसूरी यांच्या नावाने ओळखले जाणारे ज्ञानभांडार पंधराव्या शतकापासून आहे. त्यातील काही ताडपत्री पोथ्या अकराव्या शतकापर्यंत मागे जातात. विसाव्या शतकाच्या मध्यास आगमप्रभाकर मुनी पुण्यविजयजी यांनी तेथे दीर्घकाळ मुक्काम करून या भांडाराची नव्याने मांडणी आणि सूची केली, तेव्हा त्याचे वैभव विद्वानांपुढे आले.

ताडपत्र, कागद आणि कापड यांचे उंदराला किती आकर्षण असते, हे चाळीस वर्षे कापडाच्या गाठींत वावरलेल्या माझ्यासारख्याला वेगळे सांगावे लागत नाही. गाठीच्या मधोमध उबदार घरटे करण्यासाठी उंदीर ठाणामागून ठाण कुरतडतो. खातो मात्र काहीच नाही. जुन्या लेखनिकांनाही हे ठाऊक होते. पोथी संपल्यावर वाचकास हात जोडून केलेल्या विनंतीत पाणी, अग्नी आणि चोर यांच्या पंक्तीस उंदराचे नाव घालण्याची प्रथा होती.

मग या पोथ्या वाचल्या कशा? वाळवंटाच्या कोरड्या हवेचा वाटा मोठा आहे, यात शंका नाही. परंतु त्याखेरीज पोथीच्या वर-खाली लाकडी पाट्या, भोवती घट्ट गुंडाळलेले कापडी बंधन, मग पेटी, आणि ती पेटी अरुंद दाराच्या तळघरात, असे एकावर एक कवच होते. किडीसाठी वेखंडाची पुरचुंडी ठेवीत. आणि वर्षातून एकदा, कार्तिक शुद्ध पंचमीस, ज्ञानपंचमीच्या निमित्ताने भांडारे उघडून झाडण्याची, पोथ्या पुसण्याची आणि बंधने बदलण्याची रीत होती. आज आपण त्या दिवशी ग्रंथपूजा करतो. मूळच्या पूजेत झाडू आणि फडके यांनाही स्थान होते. आठ-नऊशे वर्षांचे हे यश अडसर, आवरण आणि नियमित तपासणी यांचे आहे. आपल्या कोठारासाठी यापेक्षा मोठा दाखला कोणता हवा?

खंभातचा वृद्ध सेवक

मारवाडच्या व्यापाराचा एक रस्ता गुजरातच्या बंदरांकडे जाई, आणि जीवदयेच्या कल्पनाही त्या रस्त्याने जात-येत असत. १६२३ मध्ये पिएत्रो देल्ला वाल्ले हा इटालियन प्रवासी खंभात येथे आला. तेथे त्याने पक्ष्यांचे रुग्णालय पाहिले. त्याच ठिकाणी आईविना सापडलेली उंदरांची काही पिल्ले होती. पांढऱ्या दाढीचा, चष्मा लावलेला एक वृद्ध त्यांना पेटीत कापसावर ठेवून पक्ष्याच्या पिसाने दूध पाजत होता, आणि ती मोठी झाल्यावर सोडून देणार असल्याचे त्याने प्रवाशास सांगितले, अशी नोंद देल्ला वाल्लेने केली आहे. चारशे वर्षांपूर्वीच्या परदेशी माणसाने आश्चर्याने टिपलेले हे दृश्य आपल्याला अभिमान वाटावा असेच आहे.

पुढे या भावनेला संस्थारूप मिळत गेले. मुंबईत भटकी कुत्री मारण्याच्या सरकारी मोहिमेमुळे १८३२ मध्ये मोठा क्षोभ झाला आणि १८३४ मध्ये पांजरापोळ स्थापन झाली. तिच्या उभारणीत पारशी दानशूर सर जमशेटजी जीजीभाई यांच्याबरोबर जैन शेठ मोतीशा यांच्या घराण्याचा वाटा होता. मारवाडच्या संस्थानांत पर्युषणात ‘अगता’ पाळला जाई. त्या दिवसांत कसायाची सुरी, तेल्याची घाणी आणि कुंभाराची भट्टी बंद राही. मात्र पांजरापोळ आणि अगता यांनी उंदराचा प्रश्न सुटत नाही. तो ज्याच्या त्याच्या उंबरठ्याच्या आतच सोडवावा लागतो.

परंपरेची कठोर कसोटी

इतिहास लिहिताना केवळ गौरवाची पाने उघडणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. जुलै १८३६ मध्ये मारवाडची मोठी बाजारपेठ असलेल्या पालीत भयंकर साथ उद्भवली. ताप, काखेत आणि जांघेत गाठी, आणि थोड्या दिवसांत मृत्यू. कापड छापणाऱ्या छिपा लोकांच्या वस्तीत ती प्रथम दिसली. पालीतून ती जोधपूरकडे आणि मेवाडच्या गावांपर्यंत पसरली व १८३८ पर्यंत अधूनमधून धुमसत राहिली. इंग्रजांच्या कागदपत्रांत तिला ‘पालीचा प्लेग’ असेच नाव आहे. आपल्यापैकी काही कुटुंबांच्या पूर्वजांनी ते दिवस पाहिले असतील.

तेव्हा कारण कोणालाच ठाऊक नव्हते. प्लेगचा जंतू १८९४ मध्ये हाँगकाँगला सापडला. उंदराच्या अंगावरील पिसवा हा रोग पसरवितात, हे फ्रेंच वैद्य सिमाँ यांनी १८९८ मध्ये, थरच्या वाळवंटापासून फार दूर नसलेल्या कराचीत प्रयोग करून दाखविले. मधल्या काळात १८९६ च्या सप्टेंबरात मुंबईच्या मांडवी भागात प्लेग प्रकटला होता. मांडवी म्हणजे धान्याच्या वखारींचे आगर, आणि तेथील व्यापाऱ्यांत कच्छी, गुजराती आणि मारवाडी मंडळी मोठ्या संख्येने होती. पुढील अडीच दशकांत या रोगाने देशभरात एक कोटीहून अधिक बळी घेतले.

उंदीर मारण्याच्या मोहिमा निघाल्या तेव्हा जैन आणि वैष्णव समाजांत विरोधाचे सूर उमटले. दुसरीकडे अमरावतीचे सिव्हिल सर्जन बुकॅनन यांनी घरोघरी मांजरे पाळण्याचा पुरस्कार केला. एका बाजूस व्रत, दुसऱ्या बाजूस मुलांचे प्राण. अशा प्रसंगी काय करावे, याचे सोपे उत्तर कोणाजवळ नव्हते आणि आजही नाही. साथीच्या काळात शासनाची व्यवस्था मानणे आणि शेजाऱ्याचा जीव धोक्यात न घालणे हेही अहिंसेचेच अंग आहे, असे मला वाटते. परंतु त्या घटनेचा खरा बोध त्याच्या अलीकडे आहे. खेड्यातली लिंपलेली कोठी शहरात वखार झाली. पोत्यांची थप्पी जमिनीवर आली, भिंतीला टेकली, महिनोन् महिने हलली नाही. गृहिणीची रोजची नजर गेली आणि तिच्या जागी कुलूप आले. व्रत कायम होते, पण व्रताला आधार देणारी व्यवस्था सुटली होती. व्यवस्था सुटली की शेवटी हिंसेचीच पाळी येते.

याची पुनरावृत्ती आपल्याच राज्यात झाली आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर अनेकांनी घरे सोडून तात्पुरत्या निवाऱ्यांत आसरा घेतला. मागे राहिलेल्या धान्यावर उंदीर वाढले, आणि ऑगस्ट १९९४ मध्ये बीड जिल्ह्यातील मामला गावी गाठीच्या प्लेगचे रुग्ण आढळले. पुढच्याच महिन्यात सुरतेची साथ उद्भवली. बेवारस पडलेले धान्य कोणते संकट ओढवू शकते, याचे हे जिवंत उदाहरण.

आधुनिक संशोधन काय सांगते

वाळवंटातील उंदरांचा आधुनिक अभ्यास जोधपूरमध्ये झाला. १९५९ मध्ये तेथे केंद्रीय शुष्क क्षेत्र अनुसंधान संस्था, म्हणजेच ‘काझरी’, आकारास आली आणि प्राणिशास्त्रज्ञ ईश्वर प्रकाश यांनी अनेक दशके थरच्या मूषककुलावर संशोधन केले. पिकांच्या रक्षणासाठी झिंक फॉस्फाइडसारखी विषे वापरण्याच्या पद्धती तेथूनही सांगितल्या गेल्या. शेतकऱ्याची अडचण लक्षात घेता त्या संशोधनास नावे ठेवण्याचा अधिकार आपल्याला नाही. परंतु त्याच शास्त्राने दिलेल्या ज्ञानाचा उपयोग अहिंसक मार्गासाठीही करता येतो.

पहिली गोष्ट अशी की, उंदरांची संख्या अन्न आणि आसरा यांवर ठरते. दहा मारले आणि धान्य उघडेच राहिले, तर उरलेले वेगाने वाढून ती जागा भरून काढतात. दुसरी गोष्ट, घरउंदराचे पिल्लू पेन्सिलीएवढ्या फटीतून आत शिरते. तेव्हा दाराखालची फट, नळाभोवतीचे छिद्र आणि कोठाराची जाळी पाहिल्यावाचून बाकीचे उपाय व्यर्थ होत. तिसरी गोष्ट, विष खाल्लेला उंदीर घुबडाने किंवा मांजराने खाल्ला तर अनेक विषे त्यांनाही बाधतात; उंदीर खाऊन जगणारे गव्हाणी घुबड आपल्या विषाने मेले, तर पुढच्या वर्षी उंदीर अधिकच वाढणार.

शास्त्रज्ञांची एक पद्धत तर आपल्या फारच उपयोगाची आहे. कोणती बिळे वापरात आहेत हे पाहण्यासाठी ते सर्व बिळांची तोंडे बंद करतात आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा उकरलेली तेवढी मोजतात. आपण भिंतीतले छिद्र कायमचे बुजविण्यापूर्वी त्यात कागदाचा सैल बोळा घालावा. दोन-तीन दिवस तो हलला नाही, तर आत जीव नाही असे समजून सिमेंट भरावे. हलला, तर आधी बाहेर पडण्याची वाट द्यावी. नाहीतर रक्षण करण्याच्या भरात आपण आतल्या जीवाला जिवंत गाडू.

चिकट फळ्यांविषयी भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाने २०११ मध्ये प्रतिकूल सूचना काढली आणि त्यानंतर अनेक राज्यांनी त्यांवर निर्बंध घातले. प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणारा १९६० चा कायदा तर आहेच. जे आपल्या पूर्वजांना व्रत म्हणून ठाऊक होते, त्याच्या जवळ आता कायदाही येत आहे.

आपले कर्तव्य

या सर्व इतिहासाचा जमाखर्च मांडला तर एकच शिल्लक उरते. जीवदया म्हणजे उंदराला घरात नांदू देणे नव्हे. त्याला मारावे लागेल अशी वेळच येऊ न देणे, ही खरी जीवदया. ती भावनेवर सुरू होते, पण टिकते ती रोजच्या दक्षतेवर.

म्हणून सुवर्णमहोत्सवी वर्षात ट्रस्टच्या विश्वस्तांपुढे आणि समाजबांधवांपुढे काही नम्र सूचना ठेवतो. कोठारातील धान्य झाकणाच्या धातूच्या कोठ्यांत असावे; पोती ठेवावीच लागली तर लाकडी फळ्यांवर, भिंतीपासून हातभर दूर ठेवावीत. जुने धान्य आधी वापरावे. भोजनशाळा सूर्यास्तानंतर पूर्ण धुतलेली असावी आणि खरकटे रात्रभर आवारात राहू नये. पक्ष्यांना दाणा सकाळी, एकाच जागी आणि संपेल एवढाच घालावा; सांडलेल्या दाण्यावर पुण्यापेक्षा उंदीरच अधिक जमतात. पिंजरा वापरला तर तो सकाळ-संध्याकाळ पाहावा आणि पकडलेल्या जीवास त्वरित, जवळच्या मोकळ्या जागी सोडावे. दूरच्या अनोळखी माळावर सोडलेला उंदीर बहुधा तगत नाही. आणि शेजाऱ्याच्या दारात सोडणे ही दया नव्हे, ते ओझे टाळणे होय. उंदीर आपोआप मरून पडू लागले तर त्यांना हात न लावता आरोग्य विभागास कळवावे. ज्ञानपंचमीस ग्रंथालयाची झाडलोट प्रत्यक्ष सर्वांनी मिळून करावी. आणि स्वच्छतेचा करार करताना विष व चिकट फळी वापरणार नाही, हे वाक्य त्यात लिहून घ्यावे. फटी बुजविण्याचा खर्च एकदाच येतो, विषाचा दरवर्षी.

मारवाडच्या वाळूत एकेक दाणा जपणाऱ्या आपल्या आजी-पणजींनी कोठी लिंपताना जीवदयेवर व्याख्यान दिले नव्हते. त्यांनी भेग बुजविली, झाकण लावले आणि संध्याकाळी चूल झाडून ठेवली. आपल्या संस्थेच्या पुढील पन्नास वर्षांत तोच वारसा आपल्या हातून चालू राहो, हीच जिनेश्वरचरणी प्रार्थना.

जय जिनेंद्र !